जमिनीसाठी न आलेली बाई

"आधीच सांगते, मी जमिनीसाठी आलेली नाही."

कुठल्याही अनोळखी दारात अक्कांचं पहिलं वाक्य हेच. नमस्कार नंतर, स्वतःचं नाव त्याच्याही नंतर. उजवा हात छातीपर्यंत वर, तळवा समोर, ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसा. चपला मुद्दाम पायातच. चपला काढल्या की बाई आता घरात शिरणार असं समोरच्याला वाटतं आणि तो बिथरतो, असं त्यांचं अनुभवाचं म्हणणं होतं.

पटत नसेल तर तुम्ही एकदा करून बघा. चुलत पणजोबांच्या गावी जा, कुणाच्या तरी ओट्यासमोर उभे राहा आणि "आपण एकाच घरातले" एवढंच म्हणा. समोरचा आधी तुमच्या तोंडाकडे बघेल, मग हातातल्या पिशवीकडे, आणि मग खालच्या आवाजात विचारेल, "सातबारा काढला का काय तुम्ही?"

अक्का औरंगाबादला सिडकोतल्या आमच्या इमारतीत आमच्या डोक्यावरच राहायच्या, वरच्या मजल्यावर. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून उभा जन्म गेला. ट्रंक कॉल बंद झाले, ऑफिसातली माणसं कमी झाली, अक्का निवृत्त झाल्या, पण माणसं एकमेकांना जोडून द्यायची खोड गेली नाही. त्यांचे यजमान नाना जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. अतिशय शांत माणूस. लग्नानंतर आपल्याला बोलायला मिळालंच नाही, हे ते एकदा फार समाधानानं म्हणाले होते.

मागच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. वरून त्यांच्या खुर्चीचा आवाज येत नाही याची मला अजून सवय झालेली नाही. पण तुम्हाला सांगायचाय तो त्याच्या आधीच्या पितृपक्षातला एक आठवडा.

त्याआधी माझ्याबद्दल एक सांगून टाकतो. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. दिवसभर तयार मालात खोट शोधायची, हेच काम. ती सवय घरी येतानाही अंगाला चिकटून येते. गॅस बंद केला का, मुलीची बस पोचली का, नानांच्या जिन्यातल्या पावलांचा आवाज आज वेगळा का आला. अक्का म्हणायच्या, "देवानं तुला अक्कल मोजून दिली बाबा, पण काळजी मात्र पोत्यानं ओतली."

अक्कांचा नाद वंशावळीचा. सुरुवात सासरच्या कुळापासून झाली. मग इमारतीतली घरं झाली. मग दूधवाला, इस्त्रीवाला, गॅस सिलिंडर आणून देणारा. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या झाड काढायच्या. पुरुष निळ्या पेनानं, बाया लाल पेनानं. बहुतेक झाडं निळीच असायची आणि तोच त्यांच्या संतापाचा विषय होता. "सगळे बापे बाप्यांच्या पोटी जन्मले व्हय? बाया काय आभाळातून पडल्या?"

दर रविवारी सकाळी गणपती मंदिराच्या सभागृहात त्या एक टेबल मांडून बसत. हल्ली दाखल्यांसाठी लोकांना वंशावळ लागते. ती नीट लिहून द्यायचं काम अक्का फुकट करत. माणूस खापरपणजोबांपर्यंत धडाधडा नावं सांगायचा, आणि अक्का पेन थांबवायच्या.

"आता पणजीचं नाव सांगा."

"पणजीचं? पणजीच म्हणायचो आम्ही."

"तिच्या आईनं पाळण्यात घालताना पणजीच नाव ठेवलं व्हतं का?"

रांगेतले लोक हसायचे आणि तो माणूस घरी फोन लावायचा. घरून उत्तर यायचं ते सासरचं नाव. अक्का लाल पेनानं ते लिहायच्या आणि त्याच्याखाली एक रिकामी रेघ सोडायच्या, माहेरच्या नावासाठी. लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि जुनं नाव कुठं जातं ते कुणी बघत नाही. अक्कांच्या कॅलेंडरांवर या रिकाम्या रेघाच फार होत्या.

एकदा एका बौद्ध कुटुंबातली शिक्षिका आली. तिला आजीच्या आजीपर्यंत सगळ्या बायांची नावं पाठ होती, माहेरची आणि सासरची दोन्ही. गाव सोडताना आजी म्हणाली होती, घरदार नेता येत नसतं, नावं तेवढी घेऊन चला. अक्का खुर्चीवरून उठल्या आणि त्या बाईंना तिथं बसवलं. स्वतः उभ्या राहून लिहून घेतलं. त्या दिवशी कॅलेंडरवर लाल शाई संपली, हे त्यांनी जिन्यात भेटेल त्याला सांगितलं.

एवढं सगळं करणाऱ्या अक्कांना स्वतःच्या आईचं माहेरचं नाव माहीत नव्हतं.

आई गेली तेव्हा अक्का चालायलासुद्धा लागल्या नव्हत्या. सासरी तापानं गेली. निरोप माहेरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. माहेरच्यांना लेकीचं तोंडही बघायला मिळालं नाही. त्या रागानं त्यांनी संबंध तोडले ते कायमचे. अक्कांच्या वडिलांची नोकरी बदलीची, ते गाव सोडून गेले आणि उरलेला धागाही तुटला. सासरी आईला लक्ष्मी म्हणत, एवढंच काय ते अक्कांना ठाऊक.

वडिलांनी दुसरं लग्न केलं. ही दुसरी आई अक्कांना फार लाभली. पूर्वीच्या रीतीप्रमाणे तिनं सवतीचा चांदीचा टाक, म्हणजे तिची छोटी प्रतिमा, जन्मभर गळ्यात घातला. पितृपक्षातल्या अविधवा नवमीला, म्हणजे नवरा मागे ठेवून गेलेल्या बायांच्या तिथीला, ती न चुकता सवाष्ण जेवू घालायची. पण पानावर पाणी सोडताना म्हणायची काय, तर "बाई, जेवा." सवतीचं नाव कसं घ्यायचं?

ही आई थकली, अंथरुणाला लागली, तेव्हा तिनं अक्कांना जवळ बोलावलं. "मी तिला जन्मभर बाई, बाई म्हणूनच जेवू घातलं. लक्ष्मी तर या घरात येऊन झाली ती, दोन वर्षांची लक्ष्मी. तिला तिच्या आयनं ठेवलेल्या नावानंच कळत आसंल गं. ऐकू तरी गेलं आसंल का कधी?"

अक्का हे मला गच्चीवर पापड वाळत घालताना सांगत होत्या. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "बघ बाबा, म्हणजे माझी आय उपाशीच असायची शक्यता हाय." त्या अशा गोष्टी मानणाऱ्या नव्हत्या. सत्यनारायणालाही प्रसादापुरत्या जायच्या. पण हे मनात घुसलं ते निघालं नाही.

तर त्या पितृपक्षातल्या रविवारी टेबलावर कन्नड तालुक्यातली एक बाई आली. अक्कांच्या वडिलांच्या गावाचं नाव निघताच म्हणाली, "आमच्या देवगाव रंगारीची एक लेक दिली व्हती तिथं. लई जुनी गोष्ट हाय. तरणीच गेली म्हणं. तिची धाकटी बहीण हाय अजून, भाच्याकडं ऱ्हाती."

अक्का दुपारी जिना चढून आल्या त्या थेट आमच्या घरात. तोंडाला घाम. "मला मावशी हाय," म्हणाल्या. सत्तरीची बाई हे सांगत होती. माझी बायको पाणी आणायला धावली आणि मी मनातल्या मनात पुढं काय काय बिघडू शकतं याची उजळणी सुरू केली.

बिघडायला सुरुवात सोमवारीच झाली. त्या बाईनं भाच्याचा नंबर दिला होता. हा भाचा म्हणजे अक्कांचा सख्खा मामेभाऊ. अक्कांनी स्पीकर लावून फोन केला आणि सवयीनं वाक्य निघून गेलं.

"आधीच सांगते, मी जमिनीसाठी..."

"मग जमिनीचं नाव कशाला काढलं?" पलीकडून आवाज आला.

अक्कांनी सगळं समजावलं. आई, लग्न, गाव, मावशी. तो माणूस ऐकत होता. मग म्हणाला, "इतकी वर्सं कुठं व्हता तुम्ही? रस्ता रुंद व्हनार ही बातमी आली आन आठवण आली व्हय? येऊ नका." फोन बंद.

मला त्या माणसाचा राग आला नाही. त्या भागात रस्त्याचं मोजमाप चाललं होतं, आणि कधी न पाहिलेल्या आत्यांच्या लेकी अचानक राखी बांधायला यायला लागल्या होत्या. त्याच्या जागी मीही दार लावून घेतलं असतं. मी तर आतून कडीही घातली असती.

मंगळवारी त्या कन्नडच्या बाईचा फोन आला. म्हातारीला ताप होता. अन्न जात नव्हतं. दवाखान्यात नेलं होतं, पण तिनं हट्ट करून परत आणायला लावलं.

त्या फोननंतर आमच्या दोन्ही मजल्यांवर कुणाला धड झोप नाही. अक्कांच्या खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज येत राही आणि मी खाली पडल्या पडल्या अंदाज बांधत असे. म्हातारी किती वर्षांची, ताप कसला, त्या घरात तिला औषध वेळेवर देतात का. न पाहिलेल्या बाईच्या तब्येतीची एवढी काळजी मी पहिल्यांदाच करत होतो.

"उद्याच निघू," मी मंगळवारीच म्हणालो होतो.

"उद्या पाणी यायचंय," अक्का म्हणाल्या.

बाहेरगावच्या वाचकांना हे कळणार नाही, पण आमच्या शहरात पाण्याच्या दिवशी माणूस घर सोडत नाही. आठवडाभर ज्याची वाट बघायची ते पाणी येऊन गेलं आणि आपण घरी नाही, याहून मोठी चूक इथं दुसरी नाही. मी म्हटलं, आमच्याकडून नळी वर लावून टाक्या भरून देऊ. पण अक्कांना ते पटेना. आता मला वाटतं, पाणी हे निमित्त होतं. त्या घाबरल्या होत्या. नाव विचारलं नाही तोवर निदान ते कुठंतरी आहे असं तरी वाटत राहतं. विचारल्यावर "आठवत नाही" असं उत्तर आलं, तर पुढं कुठं जाणार?

बुधवारी पाणी आलंच नाही. अक्का दिवसभर नळाशी बसून. गुरुवारी आलं, पण त्या दिवशी नानांचं मोतीबिंदूचं दाखवायचं होतं. शुक्रवारी माझ्या कारखान्यात बाहेरचे तपासणीस यायचे होते, मला सुट्टी नव्हती. राहिला शनिवार, आणि शनिवारी अविधवा नवमी.

दरवर्षी त्या दिवशी अक्कांकडे सवाष्ण म्हणून माझी बायको जेवायची. अक्का तिला म्हणाल्या, "तू दुपारी तुझ्या घरीच जेवून घे बाई. नाव मिळालं तर संध्याकाळी पान मांडीन, तवा पुन्हा जेव. आयला इतकी वर्सं ताटकळत ठेवली, अजून थोडं."

"पण असं पितृपक्षात, ऐन तिथीला, नको म्हणणाऱ्याच्या घरी जायचं?" मी विचारलं.

"म्हातारी माझ्या सोयीनं थांबणार हाय का?"

शुक्रवारी संध्याकाळी मी कामावरून आलो तर अक्कांच्या हातात बाँडपेपर. कोर्टाजवळ बसणाऱ्या टायपिस्टकडून त्यांनी लिहून आणला होता, खाली सही, नोटरीचा शिक्का. आईच्या माहेरच्या कोणत्याही जमिनीत माझा हक्क नाही, मी वा माझी मुलंबाळं तो कधीही मागणार नाही. "तोंडी सांगून बघितलं. आता कागदावर सांगते," अक्का म्हणाल्या. मलाही ते पटलं. आमच्याकडे मालाबरोबर तपासणीचा दाखला जोडला की गिऱ्हाईक गप्प बसतं.

शनिवारी सकाळी निघालो. दौलताबाद मागं पडलं, कसाबखेडा फाटा गेला, तरी अक्का बोलल्या नाहीत. एरवी वाटेतल्या प्रत्येक गावात कोणाची कोण दिली आहे हे सांगणारी ही बाई मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. मी दोनदा गाडी थांबवून विचारलं, बरं वाटतंय ना. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "तू तिसऱ्यांदा विचारलंस तर मी उतरून एसटीनं जाईन."

घर गावाच्या कडेला होतं. स्लॅबचं घर, बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये अद्रकाची पोती. घरातून भजी तळल्याचा वास येत होता. मामेभाऊ बाहेरच उभे होते. साठीचे असतील. अंगात बंडी, कपाळाला गंध. त्यांनी गाडी पाहिली, अक्कांना पाहिलं आणि ओळखलं. बसा म्हणाले नाहीत, पाणी विचारलं नाही.

अक्कांनी आपलं वाक्य म्हटलं आणि कागद पुढं केला.

त्यांनी तो ओठ हलवत वाचला. वाचता वाचता मान लाल झाली. "वकील करून आल्या?"

"वकील नाही हो, नुसती नोटरी. तुमच्या मनात शंका राहू नये म्हणून..."

"ज्याला जमीन नको त्याला कागद कशाला लागतो? म्हंजी हक्क हाय हे तुमी गाठीला बांधूनच आल्या." शेजारच्या घरातून दोन माणसं बाहेर येऊन उभी राहिली. मी गाडीची किल्ली मुठीत धरली.

"मला फक्त एक नाव विचारायचंय," अक्का म्हणाल्या. "माझ्या आईचं. तुम्हीच सांगा आणि मी इथूनच परत जाते."

"मला ठाऊक नाय. माझ्या जल्माआधी गेली ती. घरात समदे 'थोरली' म्हणत. एक आत्याच नाव घेती तिचं. आन मला ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. नाव घेतलं की वारस लागतो."

आत्या म्हणजे अक्कांची मावशीच. ती आतल्या खोलीत होती, आमच्यापासून दहा-बारा पावलांवर. अक्कांनी दाराकडे पाहिलं. चपला त्यांनी अजून काढल्या नव्हत्या. मी हळूच म्हटलं, "चला अक्का." त्या हलल्या नाहीत. मला ते बघवेना.

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या, मामेभावांची बायको. पदराला हात पुसत नवऱ्याला म्हणाल्या, "आवो, सवाष्ण सांगितली व्हती तिच्या घरी सकाळीच सुतक पडलंय. तिची पोरगी सांगून गेली. आत्याबाई कवाच्या इचारायल्यात पान वाढलं का म्हणून. आता ऐन येळंला कुणाला बोलावू? गावात ज्याच्या त्याच्या घरी आज हेच."

बोलता बोलता त्यांचं लक्ष अक्कांकडे गेलं. कपाळावरचं ठसठशीत कुंकू, गळ्यातलं मंगळसूत्र, हातातल्या हिरव्या बांगड्या.

"ही बाई कोण?"

"कुणी नाय. निघाल्यात त्या."

"नवमीच्या दिवशी सवाष्ण दारात आली आन तिला उपाशी लावून देता? तुमचं काय भांडण आसंल ते उद्या भांडा. हे पाप मी नाय घेणार माथ्यावर."

बायकोसमोर आपला कायदा शेतीत चालतो, नवमीला चालत नाही, हे मामेभावांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्यांनी कागदाची घडी केली आणि ओट्यावर दगडाखाली ठेवली. मग अक्कांजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "जेवा. पण म्हातारीला तुमी कोण ते सांगायचं नाय. चार घास बी जात नायत तिला. एकदम ऐकून काळीज थांबलं तर? शपथ घ्या."

"नाही सांगणार," अक्का म्हणाल्या. "आईशपथ."

आणि त्यांनी चपला काढल्या.

मी उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसलो. मावशी खाटेवर होती. मुठीएवढं शरीर, डोळ्यांवर पांढरा पडदा. दिसत नव्हतंच म्हणा ना. तिला धरून खाली पाटावर बसवलं. वहिनींनी अक्कांचे पाय धुतले, पान वाढलं. पुरणपोळी, खीर, कढी, वडे, गवारीची भाजी. मावशीनं कुंकवाचं बोट पुढं केलं आणि अंदाजानं टेकवलं ते अक्कांच्या भुवईवर. अक्कांनी पुसलं नाही.

मग मावशीनं ओंजळीत पाणी घेतलं. पानाभोवती फिरवलं, थोडं सांडलं. ती पुटपुटेल आणि आम्हाला ऐकू येणार नाही, या धास्तीनं मी पुढं सरकलो. पण ती मोठ्यानं म्हणाली. लांब उभ्या असलेल्या माणसाला हाक मारावी तशी.

"कौसा, ये माय. जेव."

अक्कांचा हात पानावर थांबला.

कौसा. त्यांना नाव मिळालं होतं. ज्यासाठी हा आठवडा, ज्यासाठी कॅलेंडरं रंगवली, ते एवढं दोन अक्षरांचं होतं. या घरातही वर्षानुवर्षं त्याच तिथीला त्याच बाईसाठी पान वाढलं जात होतं, आणि दोन घरांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मला वाटलं, आता अक्का रडणार आणि शपथ मोडणार. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला आणि तोंडात घातला. मग दुसरा. खाली मान घालून जेवत राहिल्या.

मावशीला बरं वाटलं असावं. ती भिंतीला टेकली. "कुठली गं तू माय?"

"औरंगाबादची."

"लांबून आलीस. आय हाय का तुझी?"

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. "नाय. मी चालायला लागायच्या आधीच गेली."

"आरारा," मावशी म्हणाली. "आमच्या कौसालाबी तशीच लेक व्हती. एवढीशी. मी पाळण्याला दोरी लावली व्हती तिच्या. कौसाचं तोंड नाय बघू दिलं त्यांनी आमाला, आन त्या लेकराचंबी नाय. दूध तुटल्यावर काय जगतंय लेकरू? आयच्या मागं गेलं आसंल तेबी. मी दर साली म्हणते, एक पान तिचंबी मांडावं. पर मेली का नाय तेच ठाऊक नाय, तर मांडू कसं?"

स्वयंपाकघरात काहीतरी करपत होतं आणि कुणी उठत नव्हतं. अक्कांच्या तोंडात घास तसाच होता. त्या गिळत नव्हत्या, चावत नव्हत्या. त्यांचे डोळे भरून वाहायला लागले, पण तोंड त्यांनी घट्ट मिटून ठेवलं. शपथ होती, तीही आईची. मी उंबऱ्यात उभ्या असलेल्या मामेभावांकडं बघितलं. हात जोडावेत असं वाटत होतं. ते अक्कांकडं बघत होते.

"जगली, आत्या," ते म्हणाले.

"आँ?"

ते पुढं आले आणि म्हातारीच्या कानाशी वाकले. "जगली म्हणतो मी. कौसा आत्याची लेक जगली. लगीन झालं, नोकरी केली, म्हातारी बी झाली. तुझ्या म्होरं बसून जेवायलीय."

मावशीनं काहीच केलं नाही. मी तिच्या छातीकडं बघत होतो, लुगड्याची घडी वरखाली होतेय का ते. होत होती. मग तिनं हात पुढं केला, पानावरून, कढीच्या वाटीवरून. वाटी कलंडली. हात अक्कांच्या हनुवटीला लागला, गालावरून वर गेला, ओला झाला. तिनं नाक चाचपलं, कपाळ चाचपलं, भुवईवरचं कुंकू फिस्कटलं.

"मग मगापासनं बोलत का नाय ही?"

"मीच नको म्हणलं व्हतं," मामेभाऊ म्हणाले.

"तुला कुणी इचारलं व्हतं?"

तिचं बोट अक्कांच्या फुगलेल्या गालावर परत आलं आणि तिथं थांबलं. आतला घास तिला कळला.

"आधी घास गिळ," मावशी म्हणाली. "ठसका लागंल. रडायचं मागून."

अक्कांनी घास गिळला.